रविवारची दाढी

व्याख्यानमालेच्या चिटणीसांचे पत्र आले तेव्हा 'कामगार चळवळीचा इतिहास' हा विषय त्यांनी मजसाठी योजला होता. मी उलट टपाली कळविले, की इतिहासच सांगतो, परंतु गिरणीच्या भोंग्याऐवजी न्हाव्याच्या वस्तऱ्यापासून आरंभ करतो. ते थोडे घुटमळले असावेत. संतवाङ्मय, पानिपत आणि परराष्ट्र धोरण यांची सवय झालेल्या व्यासपीठावर दाढीविषयी बोलायचे म्हणजे जरा थट्टाच वाटणार. पण श्रोतेहो, माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण दोन ठिकाणी झाले. एक म्हणजे युनियनच्या कचेरीतील जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे, आणि दुसरे, बल्लारपूरच्या बाजूला आमच्या कोळसा खाणीच्या वस्तीत जे केशकर्तनालय होते त्याचे बाक. खाणीत पाळी म्हणजे आठ तास. त्या बाकावर पाळी म्हणजे नंबर, आणि रविवारी सकाळी तो यायला दोन-दोन तास लागत. तेथे जे ऐकले आणि पाहिले त्याचा अर्थ लावण्यातच माझे पुढचे बरेचसे वाचन खर्ची पडले.

आधी दाढीचेच बोलतो. गुळगुळीत दाढी ही सगळी धारेची करामत, असा पुष्कळांचा समज असतो. तो अर्धाच खरा आहे.

आमच्या चांद्याकडे न्हाव्याला म्हाली म्हणतात. खाली सिरोंच्याकडे, जेथे घराघरांत तेलुगू बोलली जाते, तेथे तोच मंगली होतो. आमच्या वस्तीतील म्हालीकाका गिऱ्हाईक खुर्चीत बसले, की गळ्याभोवती पांढरे फडके बांधत आणि मग कितीतरी वेळ नुसते पाणी लावीत. थंडीच्या दिवसांत कोमट पाणी. बोटांच्या पेरांनी दाढी चोळायची, पुन्हा पाणी, पुन्हा चोळणे. असे दोन-तीन मिनिटे. कोरडा केस तारेसारखा चिवट असतो. तोच पाणी प्याला की फुगतो, मऊ पडतो आणि थोडक्या जोराने कापला जातो. साबण त्यानंतर. साबणाचा फेस ते पाणी केसात धरून ठेवतो आणि वस्तऱ्याला घसरण देतो, एवढेच त्याचे काम. काकांच्या वडिलांच्या काळी खेड्यात साबणही नसे. धोकटी उघडून झाडाखाली बसायचे. वाटीभर पाणी आणि दहा बोटे यांवरच काम भागे.

वस्तरा हाती घेण्याआधी तो चामड्याच्या पट्ट्यावर फिरे. पाठ पुढे, धार मागे. टोकाला गेला की पाठीवरच उलटवून परत. धार पुढे केली तर पट्टाच चिरतो. दगडावर वस्तरा महिन्या-दीड महिन्यातून एखादे वेळी जाई, पण पट्टा दर गिऱ्हाइकाला. दगडावर धार तयार होते, पट्ट्यावर ती सरळ होते, असे काका सांगत. वस्तऱ्याची घडणही मोठी विचारपूर्वक केलेली असते. त्याची दोन्ही अंगे पोकळ घासलेली असतात, आणि दगडावर आडवा ठेवला तर जाड पाठ व पातळ धार एकाच वेळी दगडाला टेकतात. म्हणजे धारेचा कोन कारागिराने अंदाजाने धरायचा नाही. तो वस्तऱ्याच्या अंगातच बांधून दिलेला असतो.

मग डाव्या हाताच्या अंगठ्याने कातडी ताणायची. सैल कातडीवर धार चालली, की तिच्यापुढे कातडीची बारीक लाट उठते आणि धार त्या लाटेलाच चिरते. वस्तरा गालावर जवळजवळ निजवायचा, तीस अंशांच्या आसपास. उभा धरला तर खरवडतो आणि अगदी आडवा केला तर केस ओढतो. दाब द्यायचाच नाही. वस्तऱ्याच्या वजनाने कापले जाईल तेवढेच कापायचे. पहिला हात केसाच्या कलाने. मग पुन्हा पाणी, पुन्हा फेस आणि दुसरा हात आडवा किंवा उलटा. मानेवरचे केस कोणत्या दिशेने उगवतात हे प्रत्येकाचे निराळे असते. वस्तीतील शंभर-दीडशे माना काकांना पाठ होत्या. काम करताना ते आवाज ऐकत. वस्तरा चालताना जो बारीक करकर आवाज येतो तो जरा बदलला, की हात थांबे आणि वस्तरा पुन्हा पट्ट्यावर जाई. शेवटी गार पाणी आणि तुरटीचा खडा.

पुढे २०२० साली मी वाचले, की अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील शास्त्रज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाढीचे पाते पाहिले. केस पोलादाच्या सुमारे पन्नास पटींनी मऊ. तरीही तोच केस पोलादाची धार मोडतो. धारेचे पोलाद सगळीकडे एकसारखे नसते. जेथे ते कमीअधिक कठीण असते तेथे केस तिरपा वाकून आला, की धारेचा कण उडतो. काका ते आवाजावरून ओळखत होते, हे मला तेव्हा कळले.

आता हे पोलाद आले कोठून? आमच्या भागाला लोखंड नवे नाही. लोहारा, देवळगाव, सुरजागड ही नावे खनिजासाठी जुनी आहेत. आज सुरजागडावर मोठमोठी यंत्रे चालतात ते सर्व जाणताच. पण मला सांगायचे आहे ते नदीपलीकडचे. पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद, त्याखाली निर्मळ, आणि गोदावरीपार कोनासमुद्रम. या टापूत मातीच्या बंद मुशीत लोखंड वितळवून जे पोलाद करीत ते इराणपर्यंत जाई. इराणी व्यापारी ते घेण्यासाठी स्वतः कोनासमुद्रमला येऊन राहत. दक्षिण हिंदुस्थानातील या जातीच्या पोलादाला युरोपात वूट्झ म्हणत. १७९४ साली मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले. १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर निबंध वाचला. लंडनचा हत्यारे बनविणारा कारागीर स्टोडार्ट याने या पोलादाचे वस्तरे व शस्त्रक्रियेची हत्यारे केली, आणि युरोपातल्या उत्तम पोलादापेक्षा हे आपल्याला पसंत आहे असे आपल्या दुकानाच्या पत्रिकेवर छापले. याच स्टोडार्टबरोबर पुढे मायकेल फॅरेडे यांनी पोलादाचे प्रयोग केले. विजेचा फॅरेडे आपण शाळेत शिकतो. वस्तऱ्याचा फॅरेडे कोणी सांगत नाही.

इंग्लंडात त्याआधीच, १७४० च्या दशकात, शेफील्डजवळ बेंजामिन हंट्समन याने मुशीचे पोलाद साधले होते, आणि पुढची दीडशे वर्षे शेफील्डचा वस्तरा जगभर गेला. जर्मनीतील सोलिंगनचाही तसाच. आमच्या काकांच्या वस्तऱ्यावर सोलिंगनचे नाव होते. घासून घासून त्याची निम्मी अक्षरे गेली होती. परंतु त्या वस्तऱ्याला पोकळ घासणारा जो माणूस, त्याचे नाव कोठेच नसते. शेफील्डचे घासणारे कामगार फिरत्या वाळूच्या दगडावर ओणवून बसत आणि दगडाची व पोलादाची धूळ छातीत घेत. डॉ. कॅल्व्हर्ट हॉलंड यांनी १८४३ मध्ये या छातीच्या रोगावर पुस्तक लिहिले. जेवणाचे काटे कोरड्या दगडावर घासणारे ऐन तारुण्यात मरत. वस्तऱ्याचे काम काहीसे ओल्या, काहीसे कोरड्या दगडावर होई, म्हणून ते लोक जरा अधिक जगत. आमच्या खाणीतही धुळीनेच छाती भरते. त्या रोगाचे अर्ज मी माझ्या हाताने भरले आहेत. म्हणून हॉलंडचे नाव वाचताना मला ते पुस्तक परदेशातले वाटले नाही. याच शेफील्डात १८६६ साली घासणाऱ्यांच्या संघटनेच्या भांडणातून एका कामगाराच्या घरात बंदुकीची दारू उडवून दिली गेली. त्यातून १८६७ ची चौकशी झाली आणि १८७१ मध्ये ब्रिटनमध्ये कामगार संघटनांना कायद्याची मान्यता देणारा कायदा झाला. तो रस्ता काही गौरवाचा नव्हता. असो.

धार आणि पाणी यांखेरीज दाढीला तिसरी गोष्ट लागते, ती म्हणजे वेळ. घाईची दाढी वाईटच होते. पाणी मुरत नाही, दुसरा हात फिरत नाही, कातडी सोलते. आणि कष्टकऱ्याकडे नेमके तेवढेच नसे.

नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. जन्म १८४८, ठाणे. जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, 'दीनबंधु' पत्राचे संपादक. मुंबईचा गिरणी कामगार त्या काळी दिवस उगवताना आत जाई आणि दिवस मावळल्यावर बाहेर पडे. आठवड्याची ठरलेली सुटी नव्हती. सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंड्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या आज वाचल्या तर साध्या वाटतात. रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, पगार पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झाल्यास भरपाई. सहा वर्षे झगडून, २४ एप्रिल १८९० रोजी दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन स्त्री कामगारही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली.

आमच्या चांद्यात मात्र रविवार इतक्या लवकर आला नाही. वरोड्याला कोळसा निघू लागला तो १८७० च्या दशकात. वर्ध्याहून आगगाडी आली तीही त्या कोळशासाठी. खाणीत आठवड्याला सहाच दिवस काम, हे कायद्याने लिहिले जायला १९२३ सालचा खाण कायदा यावा लागला. वरोड्याची ती खाण तोवर बंद होऊन सतरा वर्षे लोटली होती. तेथे खपलेल्यांपैकी कितीजणांनी त्या वर्षांत निवांत बसून दाढी करवली असेल, असा विचार मनात येतो खरा.

याच १८९० सालाच्या आणखी एका गोष्टीसाठी मी लोखंड्यांना अधिक मोठे मानतो. जूनच्या आधी, मार्च महिन्यात, त्यांच्याच पुढाकाराने मुंबईत न्हाव्यांची सभा भरली. शेकडो न्हावी जमले. विधवांचे केशवपन आपल्या हातून यापुढे होणार नाही, असा त्यांनी निश्चय केला.

श्रोतेहो, मी आजवर लहानमोठे बरेच संप पाहिले, काही केले, आणि त्यांतले बरेच हरलो. संप म्हटला की पगार, बोनस, बदली, बडतर्फी. त्यात लाज नाही. पोटासाठीच माणूस एकत्र येतो. पण या न्हाव्यांची गोष्ट निराळी आहे. विधवेचे डोके एकदा करून भागत नसे. केस वाढतील तसे ते पुन्हा पुन्हा करावे लागे. म्हणजे ते बांधलेले गिऱ्हाईक होते, हक्काची मिळकत होती. ती त्यांनी सोडायची ठरविली, आणि तीही स्वतःवरच्या अन्यायासाठी नव्हे. ज्या बायकांसाठी ठरविली त्या बहुतेक उच्चवर्णीय घरांतल्या होत्या आणि हे न्हावी शूद्र म्हणविले जाणारे. शास्त्री-पंडित केशवपनाला कोणता आधार आहे आणि कोणता नाही याचा काथ्याकूट करीत होते. सुधारक लेख लिहीत होते. त्याच्या आठ वर्षे आधी आमच्या विदर्भातल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून विधवांचे दुःख जळजळीत शब्दांत मांडले होते. परंतु ज्याच्या हातात वस्तरा आहे त्याला कोणी विचारले नव्हते. लोखंड्यांनी त्याला विचारले.

त्या ठरावाने प्रथा एका दिवसात मोडली असे कोणी समजू नये. पुढेही कित्येक वर्षे, कित्येक घरांत, ते चालूच राहिले. १८९० मध्येच हरि नारायण आपट्यांचे 'करमणूक' सुरू झाले आणि त्यातून 'पण लक्षांत कोण घेतो' क्रमशः येऊ लागली. त्या कादंबरीतील यमूचे काय झाले ते वाचकांना ठाऊक आहे. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात जोतीराव गेले.

हात थांबविण्याचा हक्क ही माझ्या धंद्यातली पहिली बाराखडी. पण हाच हात आणखी एका कारणाने थांबत असे, आणि ते सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

माझे वडील वैनगंगेकाठच्या एका खेड्यातले, महारवाड्यातले. गावात म्हाली होता. पण तो महारवाड्यात येत नसे आणि महारवाड्यातला माणूस त्याच्यापुढे बसू शकत नसे. वाड्यातला एक म्हातारा सगळ्यांच्या दाढ्या करी. बाजारातून आणलेला मोडक्या मुठीचा एकच वस्तरा, नदीतल्या गोट्यावर घासलेला. बाबांच्या हनुवटीखाली त्याची एक खूण जन्मभर राहिली. डॉ. आंबेडकरांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे, की साताऱ्याला न्हावी होते, पण या मुलांचे केस कापायला कोणी तयार नसे. त्यांची मोठी बहीणच घरात कात्री चालवी आणि सरावाने त्यात तरबेज झाली होती. हे मी बाबांना वाचून दाखविले तेव्हा ते हनुवटीवरून हात फिरवीत म्हणाले, "त्याईची बहीन बरी होती. आमचा म्हातारा आंधळा होता."

येथे म्हाल्याची बाजूही पाहिली पाहिजे. तो गावाचा बलुतेदार. वर्षाला कुणब्यांच्या खळ्यावर मिळणाऱ्या धान्यावर त्याचे घर चाले. महाराला हात लावला असता तर बाकीच्या घरांनी त्याचे धान्य बंद केले असते. त्याचा हात त्याच्या मालकीचा नव्हता. गडचिरोलीच्या आतल्या भागात, भामरागडकडच्या माडिया गावांत, ही बलुतेदारीच नव्हती. तेंदूच्या हंगामात पुड्याच्या दरासाठी मी तिकडे हिंडत असे. फळीवर पाने मोजून झाली, की संध्याकाळी माणसे झाडाखाली बसून एकमेकांच्या दाढ्या करीत. आज याने त्याची, उद्या त्याने याची. दाढ्या काही फार चांगल्या होत नसत.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरनंतर दोन दिवसांनी, बाबासाहेबांनी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली. बाबा अठरा वर्षांचे होते. पायी गेले होते. नंतर तीनेक वर्षांनी ते गाव सोडून खाणीत लागले. वस्तीत आल्यावर पहिल्या रविवारी ते म्हाल्याच्या दुकानावरून नुसते पुढे गेले. दुसऱ्या रविवारी बाकावर बसले. नंबर आला तेव्हा खुर्चीत बसले. म्हालीकाका तेव्हा पंचविशीचे असतील. बाबा ही गोष्ट वारंवार सांगत आणि दर वेळी एकाच ठिकाणी थांबत. "वस्तरा लागला त्याचं काही नाही. त्यानं पानी लावलं. किती वेळ लावतच होता."

मी मोठा झाल्यावर काकांना विचारले, की तुम्हाला ठाऊक नव्हते काय? ते म्हणाले, "वळखलं होतं ना जी. मंग म्हटलं, इथं कोन पाटील हाय माहं धान्य बंद कराले?" काका काही सुधारक नव्हते. गावी गेले की गावासारखेच वागत असतील. पण वस्तीत त्यांना रोख पैसे मिळत, आणि ते पैसे देणारा जो कोणी असेल तो गिऱ्हाईक.

बाबा त्या खुर्चीत बसले त्याच्या दहा-अकरा वर्षे आधी, २९ नोव्हेंबर १९४८ रोजी, घटना समितीत याच प्रश्नावर चर्चा झाली होती. धर्म, जात यांवरून कोणालाही दुकानात जाण्यास मज्जाव करता येणार नाही, अशा अर्थाचे कलम पुढे आले तेव्हा 'दुकान' म्हणजे काय अशी शंका निघाली. डॉ. आंबेडकरांनी उत्तर दिले, की हा शब्द व्यापक अर्थाने घ्यायचा आहे. केवळ आत जाऊ देणे पुरेसे नाही, मागेल त्याला सेवाही मिळाली पाहिजे. जो आपली सेवा देऊ करतो त्याची ती जागा म्हणजे दुकान. त्याच दिवशी अस्पृश्यता नष्ट करणारे कलम मंजूर झाले, आणि १९५५ च्या कायद्याने अशी सेवा नाकारणे गुन्हा ठरले. साताऱ्यातले ते दिवस त्या उत्तरामागे असतील असे मला वाटते. कायदा झाला म्हणून खेड्यापाड्यांतले हात लगेच हलले नाहीत, हे वेगळे सांगायला नको.

आता माझी एक चूक सांगतो. मी तिशीत होतो आणि भाषणे जोरात होती. एका द्वारसभेत व्यवस्थापनाला उद्देशून मी म्हणालो, की साहेबांची बिनपाण्याने करू. टाळ्या पडल्या. रविवारी खुर्चीत बसलो. काकांनी पाणी लावले, फेस केला, वस्तरा गळ्यावर आणला आणि तेथेच थांबवून म्हणाले, "भाऊ, तुमी सभेत बोलले म्हने, बिनपान्यानं करू म्हनून. आमी कोनाचीच बिनपान्यानं करत नाही." मी हसलो. ते हसले नाहीत. दाढी नेहमीसारखीच उत्तम झाली. कामगाराच्या कष्टाला मान द्या असे सांगत हिंडणारा मी, एका कामगाराचे काम शिवी म्हणून वापरीत होतो. त्यानंतर तो वाक्प्रचार मी भाषणात वापरला नाही. आज तुमच्यापुढे वापरला तो कबुलीपुरता.

त्याच खुर्चीत आणखी एक गोष्ट ध्यानात यायला मला फार वर्षे लागली. आमचा रविवार लोखंड्यांनी मिळवून दिलेला. पण त्या दिवशी काका सकाळी सहापासून दुपारी तीनपर्यंत उभेच असत. आमच्या सुटीचा सगळा भार त्यांच्या पोटऱ्यांवर. पायांच्या शिरा दोरीसारख्या फुगलेल्या. त्यांचे दुकान सोमवारी बंद असे, म्हणजे वस्तीत कोणीही घरी नसताना त्यांना सुटी. त्यांच्यासाठी आमच्या युनियनने कधी ठराव केला नाही.

वस्तरा गेला तो दोन धक्क्यांनी. पहिला धक्का अमेरिकेचा. स्वतःची दाढी स्वतः करावी हा विचार जुनाच आहे. पॅरिसच्या पेरे नावाच्या हत्यारे करणाऱ्याने १७६९ मध्ये त्यावर पुस्तकच लिहिले होते. पण किंग जिलेट याने फेकून देण्याचे पाते काढले आणि १९०३ पासून विकावयास घेतले. पहिल्या वर्षी एक्कावन्न यंत्रे खपली. पहिल्या महायुद्धात विषारी वायूचा मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसायचा तर गाल साफ हवा. अमेरिकन सरकारने आपल्या सैनिकांसाठी जिलेटची यंत्रे लाखांनी घेतली. धार लावण्याची विद्या सामान्य माणसाच्या घरातून गेली ती तेव्हा. दुसरा धक्का आमच्या डोळ्यांदेखतचा. १९८६ मध्ये भारतात एड्सचे रुग्ण प्रथम आढळले आणि पुढच्या काही वर्षांत एकाचा वस्तरा दुसऱ्याला नको अशी भीती पसरली. भीती अकारण नव्हती. मग मुठीत अर्धे ब्लेड बसविण्याचा वस्तरा आला. दर गिऱ्हाइकाला नवे पाते, तेही त्याच्यापुढे कागद फाडून. आरोग्याच्या दृष्टीने ते उत्तमच. पण त्याला पट्टा लागत नाही, दगड लागत नाही, पाठीला वजन नसते, आणि ते काकांच्या जुन्या वस्तऱ्यापेक्षा हाताला चंचल वाटते. काकांचा मुलगा आज तेच वापरतो. २०२० च्या टाळेबंदीत त्याचे दुकान तीन महिने बंद होते. २८ जूनपासून सरकारने केस कापायला परवानगी दिली, दाढीला मात्र दिली नाही. कात्री चालू आणि वस्तरा बंद, असे ते दिवस होते. शेजारची किराणा दुकाने उघडी होती. त्या खेपेस मात्र युनियनने वस्तीतल्या सलूनवाल्यांच्या घरी धान्य पोहोचविले.

बाबा २००८ साली अंथरुणाला खिळले. दाढी वाढली होती आणि खाजत होती. मी यंत्र घेऊन बसलो, पण खोल गेलेल्या गालांवर मला ते जमेना. दोन ठिकाणी रक्त आले. मी काकांच्या मुलाला बोलवायला गेलो, तर सोमवारी दुपारी काका स्वतः आले. पंचाहत्तरीचे झाले होते, दुकानात बसणे सोडले होते. हातात जुनी धोकटी. सोलिंगनचा तो वस्तरा त्यांनी उकळत्या पाण्यातून काढून पुसला आणि खिडकीच्या गजाला पट्टा अडकवून बराच वेळ फिरविला. मग बाबांच्या उशाशी बसून पाणी लावू लागले. हात थरथरत होता. वस्तरा धरल्यावर थांबला. गाल आतून बोटाने फुगवायला सांगायचे ते बाबांना जमत नव्हते, तेव्हा काकांनी अंगठ्याने कातडी ओढून धरली. दोघेही बोलले नाहीत. दुसरा हात फिरवून झाला, तुरटी लावली.

बाबांनी उशीखालून विसाची नोट काढली. काका नको म्हणाले. बाबा म्हणाले, "कामाचे पैसे घे." काकांनी नोट घेतली, बंडीच्या खिशातून दहाची नोट काढून बाबांच्या हातावर ठेवली, आणि पट्टा सोडून गुंडाळू लागले.